मिटणारा चाकू

"ह्यो नको. ह्यो माज्या अंगठ्याचा ऐकत नाय," काळूराम म्हणाला आणि त्याने तोही चाकू काउंटरवर आपटला.

पापडीच्या बाजारातलं कॅल्विनचं हार्डवेअरचं दुकान. उमेळ्याहून आम्ही तिघं एकाच स्कूटरवर आलो होतो. पुढे मी, मध्ये काळूराम, मागे त्याची बायको कमळी. शेजार म्हटला की एवढं करावं लागतं, आणि स्कूटर माझी होती.

पावसाळ्याआधी काळूरामला अर्धांगाचा झटका आला. वाडीतल्या बावखलाच्या काठावरच कोसळला आणि खिशातला चाकू पाण्यात गेला. माणूस वाचला, पण उजव्या अंगठ्यातली ताकद गेली. पुढे त्या तळ्यात शेजारच्या बिल्डिंगवाल्याने भराव टाकला, त्यामुळे चाकूही गेला तो गेलाच. बापाच्या वेळचा होता तो. इतका सैल झालेला, की मांडीवर दाबला तरी मिटायचा.

आता पानवेली उतरवायचे, म्हणजे उंच गेलेल्या वेली सोडून खाली घ्यायचे दिवस आले होते. शिडीवर चढायचं, डाव्या हाताने शिडी धरायची, उजव्याने चाकू उघडून केळीच्या सोपटाचे जुने बंध कापायचे, चाकू मिटून खिशात टाकायचा आणि मगच उतरायचं. उघडी पाती घेऊन उतरताना काळूरामचा बाप घसरला होता. मांडी फाटली आणि तो जन्माचा लंगडा झाला. तेव्हापासून उघडा चाकू घेऊन शिडीवरून कोणी उतरायचं नाही, हा त्या घरचा कायदा.

यंदा या कामाला एरवीपेक्षा जास्त महत्त्व होतं. वाडीत पुतण्या दीपेशचा अर्धा वाटा. त्याला तिथे टॉवर हवा होता. "काका, तुम्हाला आता झेपणार आहे का?" असं तो रोज विचारायचा. शेवटी काळूराम चिडून बोलून गेला, "यंदा माज्या हातानं वेल उतरली नाय, तं टॉवरच्या कागदावर सही करतो!" मला तेव्हाच त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला होता.

"स्वस्तातला दाखवू का?" कॅल्विनने विचारलं.

"त्याची पाती पावासारखी वाकते," कमळी म्हणाली. "आनि तो भारीतला शोकेसमदीच बरा. मधला काय तो दाखव."

मधल्या किमतीतला एक चाकू कॅल्विनने काढला. पातीच्या मागे छोटं बोंड होतं. "बोटाने मागे ओढा, काका. अंगठा लागतच नाही." तो चाकू त्याच्या हातात द्यायला लागला.

"हातात नको! खाली ठेव. चाकू हातात दिला का भांडान व्हतं," काळूराम खेकसला.

कॅल्विनने तो मिटून काउंटरवर ठेवला. काळूरामने उचलला, बोंड ओढलं आणि खट्! पाती उघडली. त्याचा चेहरा असा फुलला, की कमळीने पदर डोळ्यांना लावला. कॅल्विनने चाकू घेतला, मिटला, खाली ठेवला. काळूरामने परत उघडला. चारपाच वेळा हेच चाललं. आम्ही तिघंही उघडण्याकडेच बघत होतो.

घरी चहासुद्धा न घेता तो शिडीवर चढला. खाली कमळी आणि मी. खट्! बंध तुटला, वेल सळसळत खाली आली. "बघलं काय?" तो वरून ओरडला. मला इतका आनंद झाला, की मी टाळ्याच वाजवल्या.

मग त्याने चाकू मांडीवर दाबला. मिटेना. परत दाबला.

"लॉक हाय त्याला," मी म्हणालो. "बाजूची पट्टी अंगठ्यानं दाबा."

त्याने पट्टीवर अंगठा टेकवला; ती हलेना. तो त्या मेलेल्या अंगठ्याकडे बघत राहिला. डाव्या हाताने करावं, तर शिडी सुटत होती.

"टाका खाली!" कमळी रडकुंडीला आली. "मी मिटून ठेवते."

"आनि दर येलीला तू ठेवशील? मंग येल कोनी उतरवली?" असं म्हणून त्याने चाकू खाली टाकला. हळूहळू उतरला, उघडाच चाकू उचलून घराच्या पायरीवर बसला आणि मला म्हणाला, "दीपेशला फोन लाव."

"अवो, एक येल उतरली ना? कोनाला काय कलनार हाय?" कमळी म्हणाली.

"मना कललं ना."

दीपेश संध्याकाळी पेढ्यांचा बॉक्स घेऊनच आला. बॉक्सला बांधलेली दोरी सुटेना, तेव्हा पायरीवर पडलेला चाकू त्याने उचलला, कचकन दोरी कापली आणि बोलता बोलता एका अंगठ्याने टक्कन मिटला.

"भारी आहे हो काका! स्मूथ एकदम. केवढ्याला पडला?"

 परत देताना त्याला, चाकू हातात द्यायचा नाही, ही घरची रीत आठवली असावी. तो चाकू खाली ठेवायला वाकला.

काळूरामने तळहात पुढे केला.

"दे हातातच. आता भांडायला काय रायलंय?"