डोळ्यांनी ऐकलेलं

सुगंधाचा नवरा भीमराज जन्मापासून मुका-बहिरा. मालवणाकडच्या गावात त्याला शाळा मिळाली नाही. लग्नानंतर साकीनाक्याच्या खोलीत दोघांनी आपली हातांची बोली रचली, चिमणीने काडी काडी आणावी तशी. दोन बोटं नाकापाशी नेऊन त्याने श्वास ओढला की ती सुगंधा. हनुवटीवर बोट टेकलं की कारखान्यातला बाळा, खळीवाला. भाकरी थापताना ती गुणगुणायची,

माझिया कंथाला गं, नाही वाचा नाही वाणी
बोटाबोटांतून झरे, जसं खडकातून पाणी

तो तिच्या ओठांकडे बघून हसायचा. गाणं कुणावर आहे ते त्याला बरोब्बर कळायचं.

त्याच हातांनी एका संध्याकाळी त्याने तिला सांगितलं : प्रेस मशीनची, हात आत जाऊ नये म्हणून असते ती जाळी मी काढली. शेठला ऑर्डरची घाई, जाळीने काम अडत होतं. त्याने खूण केली, मी पाना लावला. मग मशीनवर बाळा बसला. एवढं सांगून भीमराजने आपलीच दोन बोटं मुठीत मिटून घेतली. सुगंधा रडायला लागली. समोरच्या दारातून शेजारच्या राधाकाकू बघत होत्या.

शेठने हात वर केले. बाळाची दोन बोटं गेल्याची केस भीमराजवर आली. "पाना फिरवून दाखवत होता बायकोला," असा राधाकाकूंनी जबाब दिला, आणि अंधेरीच्या कोर्टातून सुगंधाला साक्षीचं समन्स आलं.

"नवऱ्याविरुद्ध बोलायला लावतात, मॅडम?" तिने भीमराजच्या वकील दर्शना परब यांना विचारलं.

"साक्षीला उभं करतात गं. पण नवऱ्याने संसारात तुला जे सांगितलं, ते त्याच्या परवानगीशिवाय वदवून घेता येत नाही. तू आपणहून सांगते म्हटलंस तरी नाही. जे डोळ्यांनी पाहिलंस, ते मात्र सांगावं लागतं."

"आणि ह्यांचं बोलणंच मी डोळ्यांनी ऐकते, त्याचं काय?"

दर्शनाताईंनी पेन खाली ठेवलं. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर सुगंधाला आपण तळ्याच्या तळाशी उभ्या आहोत असं वाटलं. माणसांची तोंडं हलत होती, आवाज वरच्या वर विरत होता. ह्यांना जग असंच दिसत असेल, तिच्या मनात आलं.

"आरोपीला बोलता येत नाही," सरकारी वकील म्हणत होते, "म्हणजे त्याने काही सांगितलं नाही. तुम्ही पाहिलंत. काय पाहिलंत?"

"पाहिलं नाही, साहेब. ऐकलं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"तुमचं बोलणं तोंडातून येतं, ह्यांचं हातांतून. त्या दिवशी हे माझ्याशी बोलले."

दर्शनाताई हरकत घ्यायला उठल्या. मॅजिस्ट्रेट मॅडम म्हणाल्या, "हरकत मान्य. हे संभाषणच झालं. आरोपीची परवानगी असेल तरच विचारा."

दुभाषी आला. त्याने मूकबधिरांच्या शाळेतल्या खुणा करून पाहिल्या. भीमराजने त्याला आदराने नमस्कार केला.

"तुम्हीच विचारा," मॅडम सुगंधाला म्हणाल्या.

तिच्या लक्षात आलं. तो काहीही म्हणो, आपण 'नाही म्हणतात' असं सांगितलं की संपलं. ते खोटं ओळखणारा अख्ख्या कोर्टात एकच माणूस, आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

तिने हात उचलले. विचारलं.

सांग, तो म्हणाला. बाळाला अजून वाटतं, चूक त्याचीच. सगळं सांग. शेठचंही.

आत टाकतील.

टाकू देत.

मग मी कुणाशी बोलू?



"काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"भांडण, मॅडम."

"कशावरून?"

"ते नाही सांगता येणार. नवरा-बायकोचं आहे."

मॅडमनी हसू लपवायला कागद चाळले. तेवढ्यात भीमराजने एकच हात उचलला. सांग.

सुगंधाने त्याच्याकडे डोळे भरून पाहून घेतलं.

"परवानगी देतात," ती म्हणाली. आणि आपण काय सांगतोय ते त्यालाही कळावं म्हणून बोलता बोलता तिने हातही उचलले. "जाळी ह्यांनी काढली, मॅडम. शेठने सांगितलं म्हणून काढली. बाळाची काहीच चूक नव्हती."