आरशातली टेकडी

"बाबा, मधोमध टेकडी आलीय!" सूनबाई जवळजवळ ओरडलीच. "मघाशी नव्हती. लगेच घासून काढू का?"

"खबरदार!" बाबा इतक्या तडफेनं उठले, की कपातला चहा मांडीवर सांडला.

चष्म्याच्या काचा घासण्यात बाबांचा जन्म गेला होता, आणि दुर्बिणीचे आरसे घडवणं ही त्यांची हौस. आरशावर दिव्याचा उजेड टाकायचा आणि सावल्या बघून उंचसखल ओळखायचं. आता डोळ्यांनी दगा दिला होता. मुलगा तर "दुर्बीण दुकानात तयार मिळते की," म्हणून कधीच मोकळा झालेला. सुनेनं मात्र शिलाई मशीन बाजूला सारून हा आरसा हाती घेतला. हा बिघडला तर दुसरा शिकवण्याइतका उजेड आपल्या डोळ्यांत उरणार नाही, हे बाबांना पक्कं ठाऊक होतं.

"आत्ताच घासत होतीस ना? घासून काच तापते, तापली की फुगते. ती टेकडी नव्हे, तुझ्या हाताची ऊब आहे. फडकं टाक, काच निवू दे आणि जेवायला चल."

"आणि जेवून आल्यावरही असली तर?"

"तर घास. मी आडवा येणार नाही."

जेवताना तिची नजर सारखी आतल्या खोलीकडे जात होती. बाबा मात्र रंगात आले होते. "माझे गुरू तोंडाला कुलूप लावून बसायचे. मी अशीच टेकडी घासली. सकाळी बघतो तर तिथं खड्डा! महिनाभराची मेहनत पाण्यात. आणि हे गालात हसतायत. त्यांच्या गुरूनंही त्यांना सांगितलं नव्हतं म्हणे."

"मग तुम्ही मला का सांगितलंत?"

"पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. प्रत्येकानं तीच ठेच खायची म्हटलं, तर माणसं अजून गुहेतच बसली असती की गं!"

जेवण होताच ती आत आरशापाशी गेली. बाबा दारातच थांबले. आपल्याला वाटतंय ते चुकीचं निघालं तर?

"गेली! बाबा, टेकडी गेली!" तिनं त्यांचे दोन्ही हात धरून गिरकी घेतली. बाबांनीही या वयात एक घेतली. तोंडाला साबण लावलेला मुलगा न्हाणीघरातून डोकावला आणि दोघांना बघून निमूट आत गेला.

आरशावर चांदीचा थर चढला, नळी बसली आणि एका संध्याकाळी दुर्बीण गल्लीत उभी राहिली. शनीवर नेम धरला होता. बघता बघता रांग लागली. दूधवाला डोळा लावून "अरेच्चा, खरंच कडं आहे!" म्हणाला आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिला. बाबांना कुणी पुढं बोलावलं तर ते ऐकेनात. ते आपले रांगेतूनच आले.

त्यांनी डोळा लावला. चष्मा कपाळावर सारून पुन्हा बघितलं.

"दिसतंय ना, बाबा?"

"नुसता पांढुरका ठिपका दिसतोय गं," ते हळूच म्हणाले. "तू सांग."

ती त्यांच्या कानाशी वाकली आणि सांगू लागली. गोळा कसा फिकट पिवळा आहे, कडं कसं तिरपं बसलंय, दोघांच्या मधे काळी फट कशी स्वच्छ दिसते. बाबा डोळा न काढता ऐकत होते, हसत होते. "फट दिसते? नक्की?" त्यांनी दोनदा विचारलं; आरसा नीट जमला तरच ती फट स्वच्छ दिसते. मागे रांग वाढत होती. पण कुणीही घाई केली नाही.