डाव्या पायाचं म्हणणं

बाबांनी गाडी विकायला काढली तेव्हा घरात कुणी ब्र काढला नाही. आईनं धाकटीला डोळ्यांनी खुणावलं, तूच काहीतरी बोल म्हणून. आणि धाकटी, जी एरवी घरात कुणाचं ऐकून घेत नसे, तीही चहा पीत बसली. चार वाजता एक प्लंबर गाडी बघायला येणार होता. व्यवहार ठरल्यातच जमा होता, त्याला फक्त एक चक्कर मारून बघायची होती.

बाबांचं उभं आयुष्य काचा पोचवण्यात गेलं. खिडक्यांच्या, दुकानांच्या, कपाटांच्या काचा पिकअपच्या लाकडी घोडीला, म्हणजे तिरक्या चौकटीला टेकवून, पट्ट्यांनी आवळून ते अशा नेत की रस्त्याला पत्ता लागू नये. मग शिडीवरून पडले, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लच कायमचा बंद केला. म्हणून जुनी गाडी देऊन ही ऑटोमॅटिक आणली, आपले गिअर आपणच बदलणारी. बाबांनी ती दोन-तीनदा चालवली आणि किल्ली खुंटीला लावली.

"ही मला विचारतच नाही," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ते खिडकीशी बसून लोकांच्या गाड्यांचे आवाज ऐकत असत. गाडी गेली की हा माणूस त्या खुर्चीतच मुरणार, हे धाकटीला स्वच्छ दिसत होतं. आणि तिला ते बघवत नव्हतं.

"विकायचीच तर धड करून विका," जेवणं झाल्यावर ती म्हणाली. "तो प्लंबर ही घेणार आणि उद्या तुमच्या नावानं खडे फोडणार. चला, मागे दोन काचा टाकू आणि बघू कुठे घोडं अडतंय ते."

हा डाव बरोबर लागला. खोट असलेला माल गळ्यात मारणं बाबांच्या रक्तात नव्हतं. ते उठले.

धाकटी ज्या वर्कशॉपमध्ये काम करायची तिथून तिनं ट्यूनर आणला होता. हातात मावेल असं यंत्र. स्टिअरिंगखाली त्याची वायर खोचली की गाडीच्या मेंदूला सांगता येतं, कुठल्या वेगाला कुठला गिअर टाकायचा, आणि हळूच टाकायचा की दणक्यात.

बाबा चालवायला बसले. पहिल्या चकरेत दुसऱ्याचा तिसरा गिअर पडला आणि मागे काचांची किणकिण झाली.

"वाजली," बाबा म्हणाले.

गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. धाकटीनं दणका कमी केला, नवी सेटिंग गाडीत उतरेपर्यंत दोघं रस्त्याकडे बघत बसले. दुसऱ्या चकरेत गिअर असा पडला की तिलाही कळला नाही. ती खुशीत येऊन बाबांकडे बघू लागली.

"वाजली नाही," बाबा म्हणाले. "पण चुकली."

"काय चुकलं?"

"ते सांगता आलं असतं तर मग काय हवं होतं!"

यंत्राच्या पडद्यावरचे आकडे अगदी शहाण्यासारखे वागत होते. आता मात्र धाकटीला चैन पडेना. आकड्यांत नाही, आवाजात नाही, मग या माणसाला चूक दिसते तरी कुठे? तिसऱ्या चकरेत तिनं यंत्र मांडीवर उपडं ठेवलं आणि कान टवकारले. तेव्हा तिला खालून एक आवाज आला. धप्प. मऊसा, चटईवर पाय आपटल्यासारखा.

बाबांचा डावा पाय क्लच दाबत होता. क्लच नव्हताच, तरी दाबत होता! आणि दाबून झाल्यावर अंमळ उशिरानं गाडी तिसरा टाकत होती.

धाकटीनं त्यांना पुन्हा चकरा मारायला लावल्या आणि आता पडदा सोडून पायावर नजर ठेवली. पाय कुठल्या वेगाला दबतो ते हेरलं, तिसरा नेमका तिथे आणून बसवला आणि म्हणाली, "चला."

पाय दबला, गिअर पडला. एकदम.

"हं," बाबा म्हणाले. त्या घरात याहून मोठं कौतुक कुणी कुणाचं केलं नव्हतं. "काय केलंस गं?"

"तुमच्या पायाला विचारलं," ती हसत म्हणाली आणि सगळं सांगून बसली.

बाबांनी खाली पाहिलं. स्वतःचाच पाय चोरी करताना सापडावा तसे ओशाळले. पुढच्या चकरेत पाय जागचा हलला नाही, त्याच्या पुढच्या चकरेतही नाही. धाकटीनं कपाळावर हात मारून घेतला. अजून चौथा जागेवर यायचा होता आणि एकुलता एक साक्षीदार फितूर झाला होता. घड्याळात चार वाजत आले होते.

"मग आता तोंडानं सांगा," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "तुम्ही असता तर चौथा कधी टाकला असता?"

"असं कसं सांगणार?"

"येईल तसं सांगा."

बाबांनी गाडी चढाच्या रस्त्याला घातली. मग म्हणाले, "आता. नाही, थांब. तो चढ दिसतोय ना? इथे टाकला तर वर धाप लागते, परत तिसऱ्यावर यावं लागतं, आणि दोन्ही वेळा काच हलते. चढ संपू दे. इंजिनाचा आवाज पातळ होतो बघ. झाला? आता टाकायचा." त्यांना थांबवेना. भरलेली गाडी कशी चालवायची, रिकामी कशी, आरसा असला तर काय, ओल्या रस्त्यावर काय. ऑपरेशनपासून एवढं ते घरात सगळं मिळून बोलले नसतील.

"हे कधी सांगितलं नाहीत आम्हाला," धाकटी म्हणाली.

"मलाच कुठे माहीत होतं," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क कुतूहल होतं.

ते परत आले तेव्हा दारात प्लंबर उभा होता. बाबांनी गाडी थांबवली, पण इंजिन चालूच ठेवलं.

"आज जमायचं नाही," काच खाली करून ते म्हणाले. "चौथा राहिलाय."

"मग उद्या येतो."

"उद्या पाचवा घेतोय."

प्लंबरनं धाकटीकडे पाहिलं. "किती गिअर आहेत हो हिला?"

"सहा," धाकटी म्हणाली. "आणि मग उतारावरचे वेगळे बघायचे."

माणूस समजूतदार होता. हसला, हात हलवला आणि आपल्या वाटेनं गेला. घरातून आई बघत होती. बाबांनी तिलाही हात केला आणि गाडी पुन्हा चढाकडे वळवली.

"पट्टा लाव," ते धाकटीला म्हणाले, "आणि लक्ष दे."