तीनच अलार्म

घरच्या इंटरनेटवर पहारा ठेवणारी फायरवॉलची डबी घरात आली आणि सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. टीव्हीने त्याच्या कंपनीला काही कळवलं, की ती दादाच्या फोनवर वाजली. प्रिंटर झोपेतून उठला, की वाजली. दादाने हौसेने सगळ्याच्या सगळ्या सूचना चालू करून ठेवल्या होत्या, आणि संध्याकाळ व्हायच्या आत वैतागून स्वतःच फोनचा आवाज बंद करून टाकला होता.

"वा, वा! पेशंट गेला तरी चालेल, साहेबांची झोप मोडायला नको," त्याची बायको म्हणाली. ही वहिनी. हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात नर्स होती आणि अलार्मच्या बाबतीत तिचं डोकं पटकन फिरायचं.

डबी आणली होती दादाच्या धाकट्या बहिणीपायी. तिला सगळे छोटीच म्हणत. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून ती माहेरी निघून आली होती, पण तो पाठ सोडायला तयार नव्हता. रोज फोन करून तिला तिच्याच घरातलं सांगायचा. "आज निळा ड्रेस ना?" "वहिनीच्या गळ्यात पडून रडलीस म्हणे." छोटीचा मोबाइल दुकानात नेऊन पार पुसून आणला, तरी तेच. पोरीने हाय खाल्ली.

"त्याला सगळं दिसतं गं वहिनी. कुठेही लपले तरी दिसणार. मी रविवारी परत जाते. निदान तुमच्या घराला तरी त्रास नको."

"तुमच्या घराला? आणि हे तुझं कोण आहे, सासर?" वहिनी कडाडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "रविवारपर्यंत मला काम करू दे. देव नाहीये तो, सगळं दिसायला. कुठून तरी बघतोय मेला. ते कुठून, एवढंच शोधायचंय."

आणि तिने कंबर कसली.

पहिलं काम म्हणजे दादाने लावलेली प्रत्येक सूचना बंद केली. दादा हां हां करत धावला. "अगं, सगळ्यावर लक्ष नको का?"

"अहो, सगळ्यावर लक्ष म्हणजे कशावरच नाही. आमच्या वॉर्डात प्रत्येक यंत्र पिपाण्या वाजवत बसलं तर आम्ही खरोखरचा जीव कसा वाचवायचा? प्रत्येक पेशंटची हद्द वेगळी लावतो आम्ही. आणि एकच प्रश्न विचारतो. हा वाजला तर कोण उठणार, आणि उठून काय करणार? उत्तर नसेल तर तो अलार्म बंद."

मग ती एकेक यंत्राला घेऊन बसली. टीव्हीच्या बडबडीला कोणी उठणार होतं का? छे. ती आठवड्यातून एकदा एकत्र वाचली तरी चालणार होती. घरातले फोन वायफायला जोडताना दर वेळी स्वतःचा नवा पत्ता सांगून डबीला चकवत होते, म्हणून नवं यंत्र आल्याची खोटी बोंब उठायची. तिने प्रत्येक फोनमध्ये जाऊन पत्ता बदलायची ती सोय घरापुरती बंद केली आणि यंत्रांना नावं दिली. दिवाणखान्यातल्या फळीवर तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे दादाच्या बाबांच्या, आजारपणात लावलेला कॅमेरा होता. ते गेल्यापासून त्यात कोणी बघत नव्हतं, पण दादाला तो काढवत नव्हता. त्याचंही नाव लिहिलं, 'बाबांचा कॅमेरा'.

शेवटी तीनच अलार्म उरले. अनोळखी यंत्र घरात शिरलं तर. बाहेरून कोणी आत यायची वाट उघडली तर. आणि जे यंत्र गप्प बसायला हवं, त्यातून भसाभस माहिती बाहेर जायला लागली तर. तिने पहिला अलार्म मैत्रिणीचा फोन जोडून तपासला, उरलेले दोनही वाजवून बघितले, आणि मगच तिचं समाधान झालं.

"हे तुझ्याही फोनवर येणार," ती छोटीला म्हणाली. "दिवसभर घरात तूच असतेस. खाटेजवळ जी असते तिलाच आधी ऐकू यायला हवं."

छोटी कसंनुसं हसली. फोन मात्र तिने पुढे केला.

त्यानंतर डबी अगदी चिडीचूप झाली. शनिवार गेला, त्याचा फोनही आला नाही. रविवारी सकाळी छोटीने बॅग भरून दिवाणखान्यात आणली आणि टॅक्सी बोलावली. वहिनीने बॅगेचा पट्टा धरून ठेवला. "आजचा दिवस तरी थांब," ती म्हणत होती, आणि तेवढ्यात दोघींचे फोन एकदम वाजले.

बाबांचा कॅमेरा बाहेर चित्र पाठवतोय.

"दादा! तू बघतोयस का त्यात?" छोटी ओरडली.

दादा आंघोळीहून टॉवेल गुंडाळून धावत आला. "मी? मला तर त्याचा पासवर्डही ठाऊक नाही. तो सगळा…" त्याचा चेहरा उतरला. "तो सगळा तुझ्या नवऱ्यानेच बसवून दिला होता. त्याच्याच ईमेलवर."

घरातला यंत्रांतला जाणकार म्हणून सगळी जोडणी कौतुकाने जावयाच्या हाती सोपवली होती. त्यानंतर ते कुणाच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. दादाने कपाळावर हात मारून घेतला.

वहिनी फळीकडे निघाली, पण छोटी पुढे झाली. मुठीत मावेल एवढा तो कॅमेरा तिने क्षणभर न्याहाळला आणि सरळ वायर उपटली.

"फेकू नकोस हं," वहिनी घाईने म्हणाली. "डबीतल्या नोंदींसकट वकिलाला दाखवायचाय."

मिनिटभरात छोटीचा फोन वाजला. तिने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"निघालीस का? आणि तो कॅमेरा का बंद पडला?" तो तावातावाने म्हणाला.

आपणच चोरी कबूल केली, हे बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं असावं.

"पडला नाही, मी बंद केला," छोटी म्हणाली. "आणि टॅक्सीही परत पाठवतेय."

तो काय म्हणतो ते ऐकायला न थांबता तिने फोन ठेवला आणि बॅग उचलून परत आत नेली.