रुखवतातलं थडगं

अक्षदाच्या लग्नात रुखवत मांडायचं काम तिच्या मावसबहिणीकडे, मनवाकडे आलं. घरात आर्किटेक्चर शिकवणारी ती एकटीच. मुलाकडच्यांचे डोळे दिपले पाहिजेत, एवढीच अट होती. त्यात दोघींचे मामा, चिंतामणी, यांनी आणखी एक घातली. लाडवांचा पिरॅमिड हवा.

"पिरॅमिडमध्ये ऊर्जा असते," मामा म्हणाले. रिटायर झाल्यापासून ते पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली दाढीचं ब्लेड ठेवत, धार टिकते म्हणून. दर दोन दिवसांनी हनुवटीवर नवी पट्टी असे.

"मामा, ते थडगं आहे. त्यापेक्षा झिगुरात करू. मेसोपोटेमियातलं. एकावर एक लहान होत जाणारे चौथरे, समोर जिना, वर देऊळ. आत कोणी पुरलेलं नसतं."

"मुलाकडच्यांना ते नाव तरी उच्चारता येईल का?"

शेवटी दोन्ही करायचं ठरलं. लग्नाच्या सकाळी दादरच्या कार्यालयात मनवा शंकरपाळ्यांच्या विटा गुळाच्या पाकाने चिकटवत बसली. खऱ्या झिगुरातच्या विटांना डांबर लावत, हे तिने मामांना ऐकवलं. आत तिने नुसते चुरमुरे भरले.

"म्हणजे फसवणूकच की," मामा म्हणाले.

"तिथेही भाजलेल्या विटा बाहेरूनच. आत कच्च्या."

मामा नाश्त्याला गेले. तेवढ्यात तिने बेसनाचे दोनशे लाडू एकटीने रचून टाकले.

मुलाकडचे आले. मामा पिरॅमिडशेजारी उभे राहून ऊर्जेबद्दल बोलू लागले. मुलाचे काका, हेरंबराव, मन लावून ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांनी खालच्या थरातला एक लाडू ओढला. आधी एक घरंगळला, मग अख्खी एक बाजूच खाली आली. लाडू खुर्च्यांखाली पसरले.

मधोमध एक खव्याचा माणूस आडवा होता. अंगाला शेवया गुंडाळलेल्या, आणि लवंगांची झुपकेदार मिशी. हुबेहूब मामांची.

"हे कोण?" हेरंबरावांनी विचारलं.

मनवा पाकाचं भांडं पुसू लागली. मामांनी त्या माणसाला उचलून चष्म्याजवळ धरलं.

"मुलीचा मामा," ते शांतपणे म्हणाले. "लग्नात सगळ्यात जास्त यालाच राबवतात. शेवटी पुरतात."

हेरंबराव इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. बसल्या बसल्या त्यांनी झिगुरात जसंच्या तसं नायगावला घरी न्यायची परवानगी मागितली. नाव मात्र त्यांनी 'जिन्याचं देऊळ' असंच घेतलं.

"मनवा, मिशी लवंगांचीच का?" मामांनी हळूच विचारलं.

"दालचिनी वळत नव्हती."

मामांनी खव्याचं डोकं तोंडात टाकलं. मंडपातून भटजींनी हाक दिली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मामा लवंग चघळत अक्षदाला आणायला निघाले.