तळहाताएवढं शिखर

त्या ज्वालामुखीचं शिखर खालून तळहाताएवढं दिसतं, कारण ते तळहाताएवढंच आहे. त्यावर मावायचं तर माणसाला चढता चढता लहान व्हावं लागतं. उतरताना तो पुन्हा वाढतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, असं आम्हाला वर नेणारी ठमाताई पायथ्याशीच म्हणाली.

"एवढंच ध्यानात ठेवा, गुरुजी," दोराला गाठ मारत ती म्हणाली. "पोराला ज्यानं वर आणलं, त्यानंच हात धरून खाली न्यायचं. दुसऱ्याच्या हातानं उतरलेलं पोर वाढत नाही. आहे तेवढंच राहतं."

"मी आहे ना," मी म्हणालो.

माझी नात शाल्मली चौथीत आहे. जन्मभर मी मुलांना ज्वालामुखी शिकवला तो ताटातल्या भातावर. भाताची मूद करायची, मध्ये आळं करायचं, त्यात आमटी ओतायची. कडेनं ओघळली की लाव्हा. माथ्याभोवती दही घातलं की बर्फ. शाल्मलीनं तो धडा नीट ऐकला, मग धडा खाऊन टाकला आणि विचारलं, "पण आजोबा, तुम्ही खरा पाहिलाय का?"

"नाही."

"मग?"

त्या "मग"साठी आम्ही आलो होतो.

ठमाताईनं आम्हा तिघांना एका दोरात बांधलं. पुढे ती, मध्ये शाल्मली, मागे मी. आम्ही सारखेच लहान होत होतो, दगड आणि बर्फही आमच्या बेतानं लहान होत होते, त्यामुळे काही जाणवत नव्हतं. फक्त मागे वळून पाहिलं तर पायथ्याशी चरणाऱ्या शेळ्या हत्तीएवढ्या दिसायच्या.

"आजोबा, तुम्ही आता केवढे असाल?"

"तुझ्या कंपासपेटीएवढा."

"मग मी खोडरबर. आणि ठमाताई?"

"मी टाचणी," पुढून ठमाताई म्हणाली. "मागं राहिलात तर टोचेन."

मधल्या निवाऱ्यात आम्ही जेवायला थांबलो. ठमाताई बाहेर बर्फ तपासत होती. मी दोघींसाठी डब्यातला दहीभात वाढला, माझं ताट घेतलं आणि खाण्याआधी त्याच्याभोवती पाणी फिरवलं. लहानपणापासून फिरवतो. शाल्मलीनं विचारलं म्हणून ते का करतात तेही समजावून सांगितलं. पाण्याचं कडं जमिनीवर लगेच गोठलं. ते छान दिसत होतं. ताट उचललं तरी तसंच राहिलं.

पुन्हा चढायला लागलो आणि थोड्या वेळानं माझ्या कमरेचा दोर घट्ट झाला. गाठ सैल केली. तो पुन्हा घट्ट झाला. पुढे पाहिलं तर शाल्मलीची लाल कानटोपी माझ्या गुडघ्याशी होती.

"ठमाताई," मी म्हणालो, "दोर आवळतोय."

ती वळली. तिनं मान वर करून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्याला बराच वेळ लागला.

"दोर बरोबर आहे, गुरुजी. तो आमच्यासंगं लहान होतोय. तुम्ही थांबलात. जेवताना काय केलंत?"

"ताटाभोवती पाणी फिरवलं. सवयीनं."

"सवयी घरी ठेवून यायच्या असतात!" ती म्हणाली. "या डोंगराला वर, तोंडाभोवती, एक कडं आहे. दुसरं कुणी घातलेलं त्याला खपत नाही. घालणारा तेवढाच राहतो."

"किती वेळ?"

"डोंगरावर असेपर्यंत."

मी म्हणालो, मग इथूनच शाल्मलीला घेऊन मागे फिरतो. ठमाताईनं मान हलवली. वाट एकाच बाजूनं चढते आणि माथ्यावरून पलीकडे उतरते. शिवाय चढावर एवढ्या मोठ्या माणसानं वाकून हात धरला तर बर्फ सुटेल. सपाटी फक्त माथ्यावर, तोंडाच्या काठाशी. हात तिथं धरायचा.

मग तिनं सुरी काढून माझ्या कमरेचा दोर कापला. तो सुतळीएवढा झाला होता.

"आजोबा, पुढे येऊ नका हं," शाल्मली खालून ओरडली. "तुम्ही पाय ठेवलात की इथे भूकंप होतो."

"बरं, बाई."

"आणि हळू बोला. तुम्ही बोललात की वारा सुटतो."

माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, त्याचा मला अभिमान होता. मी तोंडावर मफलर बांधला आणि दोघींना पुढे जाऊ दिलं. त्या सुपारीएवढ्या झाल्या, मग हरभऱ्याएवढ्या. त्या दिवसभर चालल्या असाव्यात. मला तेवढ्यासाठी काही पावलंच टाकावी लागली, तीही त्यांच्या वाटेपासून लांबून, एकेक पाय तपासून. डोंगर माझ्या छातीशी आला, मग कमरेशी. शेवटी मी गुडघे टेकले आणि शिखर माझ्यासमोर होतं. पांढरं, वाटोळं, मध्ये खोल भोक. त्यातून दुधावर येते तेवढी वाफ येत होती.

काठावर दोन तीळ होते. एक लाल.

मी श्वास रोखला, कारण माझ्या श्वासानं काठ पातळ होत होता.

"दिसतंय का गं काही आत?" मफलरमधून, ओठ न हलवता मी विचारलं.

"दिसतंय," लाल तीळ म्हणाला. आवाज फार बारीक होता, पण शब्द स्वच्छ होते. मीच शिकवले होते. "भातासारखं नाहीये, आजोबा. अजिबात नाहीये."

"मग कसं आहे?"

"खाली गेल्यावर सांगते. हात द्या."

मी हातमोजा काढला. मोज्याच्या लोकरीत ती सापडली नसती. उघडा हात काठाला टेकवला, तळवा वर करून, वर्गात छडीसाठी मुलं धरायची तसा. ठमाताईनं शाल्मलीच्या कमरेची गाठ सोडली.

"लवकर, गुरुजी," ती म्हणाली. "तुमचा हात गरम आहे."

ते मलाही कळत होतं. बोटांखाली बर्फ विरघळत होता आणि हात हळूहळू खाली चालला होता. काढावा तर धक्का बसेल, ठेवावा तर काठ उरणार नाही. मी तो जितका स्थिर ठेवता येईल तितका ठेवला.

शाल्मली काठाच्या अगदी टोकाशी आली. तिनं एक पाय माझ्या करंगळीच्या नखावर ठेवला. दुसरा अजून बर्फावर होता, आणि दोन्ही पायांच्या मधून पाणी वाहायला लागलं.