नग क्रमांक एकशे बारा

मी एक जुना खण आहे. टेबलाचा खण. आजकाल मला ड्रॉवर म्हणतात. त्यालाही माझी ना नाही. मित्रांनो, खरं तर आत्मकथा टेबलानं सांगायची. चार पाय त्याचे, पाठ त्याची, मी आपला त्याच्या पोटातला. पण जे घडलं त्यात टेबलाचा काडीचा दोष नाही. दोष माझा आहे. तेव्हा तोंडही मीच उघडलेलं बरं. तोंड न उघडल्यामुळेच तर सगळं झालं.

माझा जन्म कोरड्या हवेत झाला. सुतारानं मला असा नेमका बसवला की फटीतून पोस्टकार्डही जाऊ नये. मग स्वतःच्या हातावर खूश होऊन तो बिडी ओढायला गेला. पुढं हवेत ओल आली, मी फुगलो आणि अडलो. ज्यांनी टेबल करून घेतलं होतं ते बाबा इमारतींचे नकाशे काढायचे. चिडायच्या ऐवजी त्यांनी माझा अभ्यास केला. डावा कोपरा जरासा उचलायचा, खालून गुडघ्यानं हलकी ढुशी द्यायची, मग सरळ ओढायचं. मी निमूट उघडायचो. दुसऱ्या कोणी कितीही हिसडे मारले तरी हलायचो नाही.

आता कबूल करतो, पहिली एकदोन वर्षंच मी ओलीमुळं अडलो. नंतर सवयीनं, आणि त्यानंतर निव्वळ तोऱ्यात. घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला बाबा सांगायचे, "ओढून बघा हो जरा!" पाहुणा ओढायचा, लाल व्हायचा, हरायचा. मग बाबा गुडघा लावायचे आणि मी लोण्यासारखा बाहेर. टाळ्या मिळायच्या. एखाद्याला बिघाडाबद्दलच शाबासकी मिळू लागली की तो दुरुस्त कशाला होईल?

याच टेबलावर बाबांची मुलगी लिहायला शिकली. बाबांचं अक्षर छापल्यासारखं, तिचं पळून चालल्यासारखं. "वेलांटी सरळ काढ, चिमणे. भिंत अशी बांधली असती तर घर पडलं असतं," बाबा म्हणायचे. चिमणी मोठी झाली, तिचं लग्न झालं, जावईबापू याच घरात राहायला आले. बाबा निवृत्त झाले. माझ्यातल्या पट्ट्या आणि कंपास गेले, गोळ्यांची पाकिटं आली. मग बाबांचे कान गेले आणि मुलीनं त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. शेंगदाण्याएवढं, गव्हाळ रंगाचं.

ते बाबांनी तीनदा हरवलं. एकदा उशीच्या अभ्र्यात सापडलं, एकदा धुवायच्या शर्टाच्या खिशात, एकदा चक्क साखरेच्या डब्यामागं. तिसऱ्यांदा मुलगी वैतागून म्हणाली, "बाबा, आता हरवलंत ना, तर मी बोलायचीच नाही तुमच्याशी!"

"मशीन हरवल्यावर तू बोललीस काय आणि नाही काय," बाबा म्हणाले. दोघंही हसली. पण त्या दिवसापासून मशीन कानात नसेल तर माझ्यात असायचं. ते मला पुरत्या विश्वासानं सोपवलेलं होतं, मित्रांनो. हे लक्षात असू द्या.

मग परदेशी जायचं ठरलं. म्हणजे मुलीचं आणि जावईबापूंचं. बाबांनी स्वतःच "माझं इथंच बरं आहे" असं जाहीर केलं, आणि इतक्या वेळा जाहीर केलं की कोणाला खरं वाटू नये. ज्या सामानाला पिवळी चिकटपट्टी ते समुद्रापार जाणार, ज्याला नाही ते राहणार. कपाटाला लागली, मिक्सरला लागली, पायपुसण्यालासुद्धा लागली. टेबल बाबांचं, त्यामुळं कोरंच राहिलं. बाबांनाही नव्हती.

सामान बांधायला माणसं आली. त्यांचा मुकादम हातात यादी घेऊन प्रत्येक नगाचं वर्णन लिहीत होता. "कपाट, ओरखडे. खुर्ची, पाय डुगडुगतो." बाबा म्हणाले, "माझंही लिहा की. म्हातारा, एक. चार दात कमी, गुडघे वाजतात."

"काका, तुमचा विमा नाही निघायचा," मुकादम म्हणाला.

थोड्या वेळानं चिकटटेपचे रोल सुरू झाले. तुमच्या साध्या कानांना तो आवाज नुसता चर्र वाटतो. मशीन लावलेल्या कानात तो करवतीसारखा चालतो. बाबांनी मशीन काढलं, मला उघडलं, आत ठेवलं आणि गुडघ्यानंच बंद केलं. गडबडीत मशीनचं बटण बंद करायचं राहिलं. अशी मशीनं कोंडली की बारीक शीळ घालतात. ते माझ्यात शीळ घालू लागलं.

दुपारी मुकादमानं विचारलं, "ताई, गाडीत एवढी जागा उरलीय. अजून काही?" हातानं त्यानं जागा दाखवली आणि बाबांनी ती डोळ्यांनी मोजली. जन्मभर नकाशे काढलेला माणूस. उठून त्यांनी टेबलावर थाप मारली. "हे ने, चिमणे. बरोब्बर बसेल. याच्यावर शिकलीस तू."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांच्याही आलं. अशा वेळी खणात काय आहे हे कोणाच्या लक्षात राहतं?

मुकादमाच्या राहिलं. त्यानं मला ओढलं. मी अडलो. त्यानं पाय लावून ओढलं. मी आणखी अडलो. आत मशीन शीळ घालत होतं, बाहेर टेप फाटत होती. मला एकदाच, फक्त एकदा, सैल व्हायचं होतं. मी झालो नाही. मनात म्हटलं, हा कोण मला उघडणार!

"बाबा, खणात काही आहे का?" मुलीनं विचारलं. ती तेव्हा खोक्यावर पत्ता लिहीत होती, तिची पाठ बाबांकडं होती. बाबांना नुसतं कळलं की सगळे थांबलेत आणि आपल्याकडून काहीतरी हवंय.

"हो, हो. ने, ने," बाबा म्हणाले.

"कागदबिगद असतील," मुलगी मुकादमाला म्हणाली. "असू देत तसेच."

मुकादमानं यादीत लिहिलं: नग क्रमांक एकशे बारा. टेबल, जुनं. खण उघडत नाही. मग माझ्यावर टेप लागली, टेपवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर घोंगडी. आत ते चिमुकलं मशीन बरेच दिवस शीळ घालत राहिलं. एक दिवस त्यातली बॅटरी संपली. पुढचा दोन महिन्यांचा प्रवास मी त्या गप्प पडलेल्या मशीनबरोबर केला. लाजेनं लाकूड पिवळं पडत असतं, तर मला चिकटपट्टी लावायची गरज पडली नसती.

मागं काय झालं ते मला इकडे आल्यावर, टेबलापाशी झालेल्या बोलण्यातून कळलं. निघताना दारात मुलगी बाबांना काय काय सांगत राहिली, आणि बाबा ओठांकडं बघून मान हलवत राहिले. फोनवर तर ओठही नव्हते. ती काहीही बोलली की ते म्हणायचे, "हो, हो. छान. ठेवतो." पुढं पुढं ते फोन उचलेनासेच झाले. घंटाच ऐकू येत नव्हती.

"रागावलेत ते," मुलगी जावईबापूंना म्हणाली. "राहतो म्हणाले स्वतःच, आणि आता माझ्याशी तुटक वागतात. मग मी तरी का करू सारखा फोन?" अकरा दिवस तिनं केला नाही. शेजारच्या काकूंकडून फक्त विचारून घ्यायची, बरे आहेत ना.

अकराव्या दिवशी आमचं सामान पोचलं. जावईबापू यादी वाचत होते. "एकशे बारा. टेबल, जुनं. खण उघडत नाही." मुलीनं टेप काढली. क्षणभर उभी राहिली. मग तिनं माझा डावा कोपरा उचलला आणि खालून गुडघा लावला. ती लहानपणापासून ते बघत आली होती. करून मात्र कधी पाहिलं नव्हतं.

मी उघडलो.

तिनं मशीन तळहातावर घेतलं. "अहो," ती जावईबापूंना म्हणाली, "त्यांना ऐकूच येत नव्हतं हो. एवढे दिवस. आणि मी रुसून बसले."

तिनं काकूंना व्हिडिओ कॉल लावला. काकू फोन घेऊन शेजारी गेल्या आणि तो बाबांच्या तोंडासमोर धरला. मुलीनं मशीन पडद्यासमोर धरलं.

बाबांनी चष्मा खाली केला, वर केला. "हे तिकडं कसं आलं? अरेच्चा, खणात! खणात होय!" ते मोठ्यानं हसले. मग हसू मावळलं. "सगळं घर उलटं केलं गं मी. उरलंय तरी किती म्हणा. तुला सांगायची लाज वाटली. तू म्हणाली होतीस ना, हरवलं तर बोलणार नाही. आणि मग तुझा फोनच यायचा बंद झाला."

मुलगी काहीतरी बोलली. बाबांनी नुसती मान हलवली. तेव्हा तिनं सामानाची यादी उलटी केली, टेबलावर ठेवली आणि कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बाबा, चुकलं माझं. मी विचारलं, पण तुमच्याकडे बघितलं नाही.' कागद तिनं पडद्यासमोर धरला.

बाबांनी तो बराच वेळ वाचला. एवढा वेळ लागावा इतका मजकूर नव्हता.

"वेलांटी बघ तुझी," शेवटी ते म्हणाले. "पडायला आलीय."

मशीन कोणाच्या तरी हाती परत गेलं. आता रोज फोन होतो, आणि बाबा "काय म्हणालीस? परत सांग" असं हक्कानं म्हणतात. इथली हवा कोरडी आहे. मी आकसलो. आता एका बोटानं उघडतो, कोणाच्याही. टाळी कोणी वाजवत नाही. आत विजेच्या बिलांशिवाय काही नसतं.

मित्रांनो, तुमच्या घरचं सामान कधी निघालं, तर एवढं करा. अडलेला खण असेल तर तो उघडून बघा. तो तुम्हाला उघडणार नाही, त्याला तोरा असेल, तरी बघा. आणि मागं राहणाऱ्या माणसाला काही विचारायचं असेल तर हातातलं काम ठेवा, त्याच्यासमोर जाऊन उभे राहा. तो नुसताच "हो, हो" म्हणाला, तर इतक्यात टेप लावू नका.